अडीच बैलगाड्या आणि कोपऱ्यातली मशीन

चहा गाळला की गाळण्यात चोथा साठतो, तसे ऑफिसात किस्से साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही. पण संध्याकाळी बघावं तर हे एवढे! बारामतीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. मी शटर उघडतो, झाडतो, चहा करतो. नितीनसर मालक. शेळगावचा प्रशांत आणि कळंबची सुजाता ही कामाची माणसं. मला सगळे आबा म्हणतात. बायको गेली, मुलगा पुण्याला. तेव्हा दिवसभरात माणसाची हाक ऐकू यायची ती तिथंच.

* * *

एका साखर कारखान्याचं काम आमच्याकडं आहे. काट्यावर उसाचं वजन झालं की पावती काढायची, तो प्रोग्राम जुना. शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप धाडायचा, तो नवा. हे सगळं कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर चालायचं. ते उचलून दुसरीकडं न्यायचं धाडस कुणाला नव्हतं, म्हणून रोज सगळे हजर!

प्रशांतनं दोन्ही प्रोग्राम एका कंटेनरात घातले आणि भांडण लागलं.

मी विचारलं, "कंटेनर ठेवलाय कुठं?"

सुजाता म्हणाली, "मशीनच्या आतच असतो, आबा. प्रोग्रामला लागणारं सगळं सामान एका जागी बांधून ठेवायचं, त्याला कंटेनर म्हणायचं. पण हे ज्या भाषेत लिहिलंय ना, तिची जुन्याला जुनी व्हर्जन लागते आणि नव्याला नवी. एकाला उठवलं की दुसरा झोपतो."

"त्याला हात लावता येतो का?"

"न्हाय."

"मग झाडायला नको. ब्येस झालं!"

* * *

एकदा प्रशांतनं नवी व्हर्जन टाकून दिली आणि जुन्या प्रोग्रामला म्हणाला, चालव आता यावरच. चाचणीची पावती कारखान्यावर गेली. लगेच तिथल्या कारकुनाचा फोन.

"ओ सायेब, शिल्लक बैलगाड्या अडीच म्हनतंय तुमचं यंत्र! अर्ध्या गाडीला बैल किती जुपायचं?"

प्रशांत म्हणाला, "एक जुपा."

"आन् गाडीवान? त्यो तर आख्खा येतोय!"

जुनी व्हर्जन भागाकार करताना अर्धं सोडून द्यायची, नवी तेही धरायची. एवढंच झालं होतं. आम्ही पोट धरून हसलो. सर मात्र हसले नाहीत.

"गाळप सुरू व्हायच्या आत हे जुळलं नाही, तर काम पुण्याच्या कंपनीला जाईल," ते म्हणाले. "मग आबा, शटर खालीच ठेवायचं."

मी धुतलेले कप पुन्हा धुतले.

* * *

मग एका दुपारी प्रशांत ओरडला, "जमलं!" चालू कंटेनरच्या आत शिरून त्यानं हातानं काय काय बदललं होतं. पावतीवर गाड्या पुऱ्या दोन! सरांनी भेळ मागवली. मी कागद पसरला, पहिला घास तोंडात गेला आणि लाइट गेली.

लाइट आली. मशीन चालू झाली. गाड्या अडीच!

कंटेनर दरवेळी मूळ साच्यातून नवाकोरा निघतो म्हणे. आत शिरून केलेलं सगळं पुसून जातं. प्रशांत घास तोंडात तसाच धरून बसला.

सर म्हणाले, "भेळ तरी खा बाबा. ती मऊ पडली की पुन्हा पहिल्यासारखी होत न्हाय!"

* * *

प्रशांतनं पुन्हा तसंच केलं, आणि या वेळी लाइट जाऊ नये म्हणून बॅटरी जोडून प्लग सुतळीनं बांधला. देवाला जपत नाही इतका त्या प्लगला जपायचा. खंडेनवमीला मी हळद-कुंकू, झेंडूची माळ घेऊन कोपऱ्यात गेलो, तर हा आडवा!

"आबा, फूल वाहा. पानी शिंपडू नका! नारळ इथं न्हाय, खाली रस्त्यावर फोडा!"

मी खाली जाऊन फोडला. खालचा दुकानदार म्हणाला, "आबा, नवी गाडी घेतली का काय?"

म्हटलं, "गाड्याच हायेत. अडीचाच्या दोन झाल्यात, त्या टिकाव्यात म्हनून!"

* * *

शेवटी सुजातानं त्या दोन प्रोग्रामना वेगळं केलं. जुन्याला त्याचा कंटेनर, नव्याला त्याचा; दोघांनी एकमेकांना लागेल तेवढा निरोप द्यायचा, एकमेकांच्या सामानाला हात लावायचा नाही. आणि बदल आत शिरून न करता तिनं मूळ साच्यातच लिहिला.

मग तिनं सुतळी सोडली, बॅटरी काढली आणि मला म्हणाली, "आबा, मेन स्विच पाडा."

प्रशांत ओरडला, "आबा, न्हाय!"

मी सरांकडं बघितलं. सरांनी डोळे मिटून मान डोलावली. पाडला. अंधार नव्हता, दिवसच होता; पण पंखे थांबले तशी सगळ्यांची तोंडंही थांबली. मग पुन्हा वर केला. मशीन घरघरली. पावती आली. गाड्या दोन!

सर माझ्याजवळ आले. "आबा, शटर वाचलं बघा." मग सगळ्यांना म्हणाले, "आता हे कुठंबी चालंल! ही मशीन नको का हे ऑफिस नको!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

* * *

गाळप सुरू झालं, दोन्ही कंटेनर दुसऱ्या मशीनवर गेले आणि सर पुण्याला राहायला गेले. सुजाता कळंबच्या घरून काम करते, प्रशांत शेळगावातून. त्याच्या मीटिंगमध्ये मागं म्हैस ओरडते. कारखान्याचे सायेब म्हणतात, "थांबा, आधी मॅडमचं होऊ द्या!"

मी शटर उघडतो. कुरियर आलं तर घेतो. एका कपाचा चहा मला बेतानं जमत नाही, दोन होतात. दुसरा तासाभरानं गरम करून पितो.

* * *

एके दिवशी सकाळी दहाला सुजाताचा फोन आला. "आबा, सर म्हणतात कोपऱ्यातली मशीन आता बंद करून टाका. मागं काळं बटण हाय बघा."

मी मशीनपुढं जाऊन उभा राहिलो. घरघरत होती. ऑफिसात तेवढाच आवाज.

"केली का?"

"उद्या करतो, बाई."

"बरं. तुमी जेवला का?"

दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा फोन. "आबा, केली का बंद?"

"उद्या करतो."

"बरं. आज काय भाजी केली?"

संक्रांत झाली. उसाच्या गाड्याही आता कमी दिसतात. फोनचं हे रोज चाललंय.

परवा प्रशांत कुरियर न्यायला आला. मशीन बघून हसला. "आबा, ही अजून चालूच? तुमी कशाला ताप करून घेताय? सुजाता कळंबात बसून एका बोटानं बंद करंल की! तिला पयल्यापासनं येतंय ते."

मी चहा ठेवला होता. आज दोन कप बरोबर पुरणार होते. तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, केली का बंद?"

मी प्रशांतकडं बघितलं. मशीनकडं बघितलं.

"न्हाय बाई. उद्या करतो."

"बरं," सुजाता म्हणाली. "आज काय भाजी केली?"