साडूची झोप

मी माझ्या साडूवर जळतो. त्याच्या पगारावर नाही, बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोवर नाही (बरं, थोडं त्याच्यावरही), तर त्याच्या झोपेवर!

शिरीषने झोप मोजणारं घड्याळ घेतलं आणि रोज सकाळी घरच्या ग्रुपवर आपल्या झोपेचे मार्क टाकायला सुरुवात केली. कायम नव्वदच्या वर! सासरे पुण्याहून इकडे परदेशी, टॅम्पिनीसला आमच्याच घरी मुक्कामाला आले होते. माझ्याच सोफ्यावर बसून ते लिहायचे, "वा शिरीषराव! निर्मळ मनाचं लक्षण." म्हणजे माझं मन गढूळ! मीही तसलंच घड्याळ आणलं. पण उद्या शिरीषला किती पडतील या काळजीने माझा डोळाच लागेना. साठच्या पुढे काही मी सरकलो नाही.

"पप्पा, स्लीप ओन्ली, लाह!" लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली. साडू म्हणजे काय चीज असते, तिला काय ठाऊक!

एका शनिवारी लेक क्लासला होती आणि बायको, मधुरा, बहिणीकडे म्हणजे शिरीषच्याच घरी गेली होती. सासरे जेवून वामकुक्षीला आडवे झाले आणि पाठ टेकताच घोरू लागले. अशी झोप बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं! मी माझं घड्याळ अलगद त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं. त्यांची झोप माझ्या नावावर चढावी म्हणून फोनही शेजारीच ठेवला आणि खाली हॉकर सेंटरच्या टपरीवर कॉफी प्यायला गेलो.

परत येतो तर लिफ्टपाशी मधुरा आणि शिरीष, धापा टाकत!

"तू उभा आहेस?" मधुरा ओरडली.

"मग काय करू?"

"अरे, तू पडलायस! तुझ्या घड्याळाचा मेसेज आला, जोरात पडलास म्हणून! वर फोन उचलत नाहीस!" तिचे डोळे भरून आले होते.

"टॅक्सीत हिने किती नवस बोललेत, विचारू नकोस," शिरीष म्हणाला. घामाघूम झाला होता, पण चेहरा कसा ताजातवाना! (मला त्या क्षणीही तेच दिसलं.)

दार सासऱ्यांनी उघडलं. हातात फोडलेला नारळ, मनगटावर माझं घड्याळ. झोपून उठल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे मारुतीला शनिवारचा नारळ फोडला होता. सासरे डावखुरे, नारळ हट्टी. दोन-चार दणके बसल्यावर घड्याळाची खात्रीच पटली, की मालक आपटला!

"बाबा, हे घड्याळ तुमच्या हातात कसं?" मधुराने विचारलं.

"संजयरावांची भेट! मी झोपलेलो असताना गुपचूप बांधून गेले. केवढा निगर्वी माणूस!"

मधुराने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. शिरीषलाही कळलं असावं, कारण तो खोकत खिडकीकडे वळला.

"आवडलं ना बाबा?" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

रविवारी दुपारी हाताला घड्याळ नव्हतं, म्हणून नुसताच लवंडलो. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मधुरा चहा घेऊन उभी होती.

"किती दिवसांनी असा गाढ झोपलास रे! बघून बरं वाटलं."

मी ताडकन उठून बसलो.

"अगं, मग बाबांच्या हातातलं घड्याळ काढून मला बांधायचं नाही का? एवढी झोप फुकट घालवलीस!"