डावीकडे काय होतं?

हॉर्न दोनदा वाजवायचा, बस कडेला घ्यायची आणि मागे वळून म्हणायचं, "बघून घ्या, उद्या नसंल." आमच्या स्टाफ बसच्या ड्रायव्हरदादांची ही रोजची सवय. नेरुळहून न्हावा शेव्याच्या ऑफिसात नेणारी आमची बस म्हणजे चाकांवरची झोपायची खोली. सगळे माना टाकून पडलेले. त्या झोपेतून उठवून हा माणूस दाखवायचा काय, तर घारीने दिव्याच्या खांबावर तारांचं बांधलेलं घरटं.

"लोखंडी घर हाय तिचं. काड्या मिलत नाय ना आता."

एकदा कंटेनरवर बसून एक बगळा ऐटीत बंदराकडे निघाला होता. दादांनी त्या ट्रेलरच्या मागेमागे बस चालवली, ओव्हरटेक म्हणून करेनात. आम्ही ओरडलो तर म्हणाले, "पाव्हना पुढं हाय." मला फार राग यायचा त्यांचा. तुम्हालाही आला असता. इतक्या सकाळी बगळ्याचं कौतुक कोणाला असतं?

सगळ्यात जास्त चिडायच्या आमच्या डॉक्युमेंटेशन विभागाच्या मॅडम. घरातलं सगळं उरकून येणारी बाई, तेवढी झोप तिच्या हक्काची. वर लेट मार्क लागायचा तो वेगळाच.

दादा इथल्याच खाडीकाठच्या गावचे. आजोबांची मिठागरं याच रस्त्याखाली गेलेली. त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. पण "उद्या नसंल" ते गंमत म्हणून बोलत नव्हते, एवढं माझ्या हळूहळू ध्यानात आलं.

शेवटी मॅडमनी तक्रार केली. बस थांबायची बंद झाली, आणि बसच्या कंत्राटदाराने दादांच्या समोर एक छोटा कॅमेरा बसवला. नजर रस्त्यावरून हटली की तो किंचाळायचा आणि तिकडे कंत्राटदाराच्या ऑफिसात कळायचं. अंगावर येणारे ट्रेलर पाहता त्यात चूक काही नव्हती. पण पहिले काही दिवस कॅमेरा सारखा किंचाळत राहिला आणि दादांना शेवटची ताकीद मिळाली. पुन्हा वाजला, तर चावी ठेवून घरी जायचं.

"पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय," ते मला म्हणाले. "या वयात दुसरी गाडी कोन देनार?"

त्यानंतर दादा असे बसायचे की जणू मान कोणी खिळ्याने ठोकली आहे. उलव्याच्या पुढे खाडीकडून फ्लेमिंगोंचा थवा उठला, त्या सकाळी कॅमेऱ्याच्या धास्तीने बसमध्ये कोणीच झोपलं नव्हतं. अख्खी डावी बाजू गुलाबी झाली. आम्ही खिडक्यांना चिकटलो, आणि मग एकेक जण आरशात दादांकडे बघायला लागला. बघतात की काय! स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. पक्षी मागे पडले. कॅमेरा गप्प राहिला. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला फार वाईट वाटलं.

गेटवर उतरताना दादांनी हळूच विचारलं, "डावीकडे काय होतं?"

सांगितलं ते मॅडमनीच. कसे उठले, कसे वळले, उन्हात पंखांचा रंग कसा पालटला, सगळं. दादा डोळे मिटून ऐकत होते.

मग तो रिवाजच पडला. गेटवर बस थांबली की दादा विचारणार आणि आम्ही सांगणार. सांगायचं म्हणून आम्ही बघायला लागलो. मॅडम तर पुढची डावीकडची खिडकी सोडेनात. डबक्यातलं क्रेनचं उलटं चित्रदेखील त्यांनी एकदा इतकं रंगवून सांगितलं की दादा म्हणाले, "म्याडम, तुमी तर मला मागं टाकला."

आणि त्या मॅडमकडूनच घात झाला. धुकं होतं. खाडीतल्या तिवरांच्या झाडीच्या कडेला, रस्त्यापासून हाताच्या अंतरावर एक कोल्हा उभा होता. मॅडमच्या तोंडून निघून गेलं, "दादा, डावीकडे, कोल्हा!"

दादांनी बघितलं.

कॅमेरा किंचाळला. समोर रस्ता मोकळा होता, कोणाला काही झालं नाही. गेट येईपर्यंत मॅडम तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. दादांचा फोन दोनदा वाजून बंद झाला.

गेटवर कंत्राटदाराचा माणूस उभाच होता. आम्ही सगळे त्याच्याशी भांडलो, मॅडम तर हात जोडून म्हणाल्या, "चूक माझी आहे हो." तो म्हणाला, "माझ्या हातात काही नाही." दादांनी चावी दिली, डब्याची पिशवी घेतली. मॅडम रडायला लागल्या.

"म्याडम, रडू नका," ते म्हणाले. "मादी होती ती. तिच्या मागं गवतात पिल्लू होतं. तुमाला दिसलं नसंल."

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली.

"एवढंसं. कान तेवढं वर," म्हणून दादांनी दोन बोटांनी कान करून दाखवले.

मग ते आल्या रस्त्याने पायी निघाले. नंतर आम्हाला ते कधी भेटले नाहीत. पण त्या सकाळी धुकं विरत होतं, त्यामुळे ते लांबपर्यंत दिसत राहिले. डावीकडे बघत, उजवीकडे बघत, मध्येच थांबत, हवा तेवढा वेळ.