जिन्याखालचा सायलेन्सर

माझा नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होता, कायम रात्रपाळीला. सकाळी डोंबिवलीला घरी यायचा, चहा-पोळी खायचा आणि खिडकीला चादर लावून आडवा व्हायचा. त्याचा डोळा लागतोय न लागतोय तोच खाली पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा एक हिरो त्याची बाइक सुरू करायचा. सुरू करायचा म्हणजे काय, किती तरी वेळ जागेवरच गुरगुरवत ठेवायचा. आमची खिडकी पहिल्या मजल्यावर, बरोब्बर त्या बाइकच्या नळकांड्याच्या वर. नवरा दचकून उठायचा आणि मग दिवसभर नुसता कूस बदलत पडून राहायचा.

मी सांगायला गेलेले. नीट, गोड बोलून. तर या बाबाने मलाच गाडीच्या मागे वाकायला लावून शिकवणी घेतली. "वहिनी, कंपनीच्या सायलेन्सरमध्ये डबा असतो, डब्यात कप्पे. आवाज त्या कप्प्यांत आपटून आपटून मरतो. धूर साफ करणारी जाळीपण असते. पण त्यात इंजिनाचा दम कोंडतो. हा रेसिंगवाला बघा, आरपार सरळ पाइप."

मी विचारलं, "रेस कुठे लावतोस रे? शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये?"

तो हसला. "होईल सवय. आणि ओरिजनल फेकला नाहीये, जिन्याखाली ठेवलाय. गाडी विकताना परत लावायचा."

सवय काही झाली नाही. गणपती नुकतेच गेलेले, आणि नवऱ्याला मशीनवर डुलकी लागली. क्षणभरच. उजव्या हाताची दोन बोटं गेली. हॉस्पिटलमध्ये मी त्याच्या उशाशी बसलेले आणि खोटं कशाला बोलू, देवाचं नाव काही तोंडात येत नव्हतं. त्या हिरोची जिरवायचीच, एवढंच डोक्यात होतं.

दसऱ्याआधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी सूचना पडते: जिन्याखालचं सामान हलवा, नाहीतर भंगारात जाईल. सगळे 'ओके' लिहितात आणि कोणी काही हलवत नाही, कारण कधीच काही भंगारात जात नाही. त्या वर्षी कमिटीत मी होते. सूचना मीच टाकली, हिरोचंही 'ओके' आलं. मुदत संपली त्या सकाळी मी भंगारवाल्याला बोलावून घेतलं. मोडके पाळणे, गंजक्या सायकली आणि गोणपाटात गुंडाळलेला तो जड सायलेन्सर. टेम्पोत चढवायला मी स्वतः हात लावला.

दिवाळीनंतर हिरोला माजिवड्याला पोलिसांनी आवाजावरून धरलं. दंड झालाच, वर ओरिजनल लावून गाडी दाखवायला आण म्हणाले. जिन्याखाली शोधून शोधून तो आमच्या दारात आला, तोंड एवढंसं झालेलं. नवा जाळीसकट केवढ्याला पडतो, ते ऐकूनच आलेला.

"वहिनी, निदान एक फोन तरी करायचात."

"ग्रुपवर टाकलेलं की. तू ओके म्हणालास," मी म्हटलं आणि दार लावलं. काय गार वाटलं म्हणून सांगू! मला अजूनही त्याची कीव येत नाही.

आता त्याची गाडी कधी निघते, कधी येते, कळतही नाही. कारखान्याने नवऱ्याला प्रेसवरून काढून स्टोअरमध्ये टाकलंय, दिवसपाळीला. सकाळी मी त्याच्या शर्टाची बटणं लावून देते आणि तो कामाला जातो. मग आतली खोली दिवसभर अगदी शांत असते, आणि तिथे झोपायला कोणी नसतं.