मशीन बरोबर होतं

मेश्राम काका नमस्काराला नमस्कार करत नसत. समोर कोणीही आलं की खिशातलं पेन त्याच्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, "मुंडी हलवू नका. फक्त डोळे." चहावाला, कुरियरवाला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळ्यांचे डोळे डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फिरवून झाले की मगच काका बोलायला लागत. धंतोलीतल्या त्या क्लिनिकात मी न्यूरॉलॉजिस्ट म्हणून रुजू झालो, त्या दिवशी माझेही फिरवले. म्हणाले, "डोळे चांगले हायेत. आता पाहाले शिका."

काका डॉक्टर नव्हते. चक्कर येणाऱ्या पेशंटच्या डोळ्यांचं मशीन ते चालवायचे. पेशंटला कॅमेरा बसवलेला गॉगल घालायचा, समोर लाल ठिपका उड्या मारतो, डोळ्यांनी त्याच्यामागे उड्या मारायच्या, आणि पडद्यावर त्या उड्यांचा आलेख उमटतो. एवढंच. पण त्या आलेखावरून मेंदूत कुठं बिघडलंय ते काका सांगत, आणि मी माझ्या लेटरहेडवर लिहीत असे.

नेहमी नाही. पहिल्याच आठवड्यात बुटीबोरीच्या कापड कारखान्यातला एक जण गरगरतं म्हणून आला. मी ऐटीत 'कानाचा त्रास' लिहून गोळ्या दिल्या. माणूस दारापर्यंत पोचला होता. काकांनी त्याला पाणी देऊन बसवलं आणि मला पडद्यापाशी नेलं. उजवीकडे पाहताना त्याचा डावा डोळा नाकाच्या दिशेनं येतच नव्हता. "कान असा डोळा अडवत नाही गा डॉक्टर. हे देठातलं हाय." संध्याकाळी एमआरआयनंही तेच सांगितलं. काका हे कधी कोणाला बोलले नाहीत. मीच सांगत फिरतो.

देठ म्हणजे ब्रेनस्टेम. काकांचं शास्त्र असं: "देठाले दोन माळे हायेत. खालच्या माळ्यावरून आडवं पाहाचा हुकूम निघते, वरच्यावरून उभं पाहाचा. एका माळ्याले आग लागली तं दुसऱ्याले पत्ताही नसते." तीन वर्षं पुस्तकं घोकून मला जे जमलं नव्हतं, ते त्यांनी चहाच्या कपात बिस्कीट बुडवता बुडवता सांगितलं.

रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी ते स्वतः गॉगल घालून बसत. मशीन नीट चालतंय की नाही, ते आपल्या डोळ्यांवर पाहत. "आधी आपले डोळे, मंग लोकायचे." तो आलेख रोज एका फोल्डरात जाई.

हिवाळ्यात एकदा सहज त्या सकाळच्या आलेखावर माझी नजर गेली. आडव्या उड्या खणखणीत होत्या. खाली जाणाऱ्या उड्या मात्र आखूड, सुस्त, गोलाकार. मी लगेच कंपनीला तक्रार ठोकली की तुमचा कॅमेरा खराब आहे. त्यांचा माणूस आला, त्याला काही सापडलं नाही, मी त्याच्याशी भांडलो आणि कॅमेरा बदलून घेतला. विजयी वीरासारखा दोन दिवस हिंडलो. नव्या कॅमेऱ्यावर पेशंटचे आलेख स्वच्छ यायचे. काकांचा सकाळचा आलेख होता तसाच. मग मी गॉगलच्या पट्ट्याला दोष दिला.

त्याच सुमारास काका दाराच्या पायरीवर दोनदा अडखळले. मी पायरीला पिवळा पट्टा मारून घेतला. त्यांच्या शर्टावर वरणाचे डाग दिसायला लागले. चारचौघांत मी विचारलं, की काका, सुनंदाकाकूंनी तुमचे कपडे धुणं बंद केलं काय? ते म्हणाले, आजकाल ताटच दिसत नाही जेवताना. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

गॉगलच्या पट्ट्याच्या तक्रारीला पुरावा जोडावा म्हणून एका दुपारी मी ते फोल्डर उघडलं. आठ महिन्यांच्या सकाळी ओळीनं मांडलेल्या होत्या. एकेक पाहत गेलो. खालची उडी आधी संथ झाली होती, मग लहान, मग आणखी लहान. कॅमेरा बदलला त्या तारखेला काहीच बदललेलं नव्हतं. काका केव्हापासून मागे उभे होते, मला कळलं नाही.

"मशीन बरोबर हाय, डॉक्टर."

केव्हापासून माहीत आहे, मी विचारलं. पावसाळ्यापासून, म्हणाले. मग सांगितलं का नाही?

"तुम्ही मशीनले शिव्या देऊन राहिले होते. मले बरं वाटे."

मग ते खुर्चीवर बसले आणि नेहमीसारखं मला शिकवायला लागले. "माझी मुंडी धरा. मी तुमच्या नाकाकडं पाहातो, तुम्ही मुंडी हळूच मागं वाकवा. डोळे खाली नाही आले, तं नस नाहीतर स्नायू. त्याच्यावर औषध निघू शकते. आले, तं नस, स्नायू ठीक हाय, हुकूम देणारा वरचा माळा गेला. त्याच्यावर काही नाही."

म्हणजे डोळे हलू नयेत, अशी आशा करायची होती. हे मला पूर्ण समजलं होतं. मी दोन्ही हातांत त्यांचं डोकं धरलं आणि मागे वाकवलं. स्वतःहून जे डोळे महिनोन् महिने खाली जात नव्हते, ते माझ्या नाकाला धरून अलगद, पार तळापर्यंत गेले. आणि इतक्या दिवसांची ती अडलेली उडी पुरी झालेली बघून माझ्या तोंडून चक्क आनंदानं निघालं, "गेले काका, गेले."

"हो," काका म्हणाले. "मले समजलं."

त्यांचं डोकं माझ्या हातात होतं. ते सोडायचं कसं, हे मला सुचेना.

रिपोर्ट मी लिहिला आणि टेबलावर ठेवला. काकांनी तो उचलून थेट चेहऱ्यासमोर धरला. खाली ठेवलेला कागद त्यांना वाचता येत नव्हता. आजाराच्या नावाआधी मी 'कदाचित' घातलं होतं.

"हा कदाचित काढा," ते म्हणाले. "घरी मीच सांगीन. पण हा शब्द दिसला, तं सुनंदा रोज त्याच्याचकडं पाहात राहीन."

मी खोडला. काकांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला, सावकाश वाचला, घडी करून खिशात ठेवला. बाकी पहिल्यांदाच सगळं बरोबर लिहिलं, म्हणाले.