एतेल्विनाबाईंचे दाट गूळपाणी

रविवारची सकाळ, नऊचा सुमार. सोगामोसो गावाच्या वरच्या घाटावरचे धुके पडद्यासारखे सावकाश वर सरकते. आधी दिसतात बटाट्याच्या सऱ्या, मग रस्त्याचे शेवटचे वळण, मग चुलीवरचा काळा हंडा, आणि हंड्यामागे कमरेवर हात ठेवून उभ्या एतेल्विनाबाई. अंगावर लोकरीचा, घोंगडीसारखा रुआना, डोक्यावर काळी हॅट. नजर मात्र हंड्यावर नाही, रस्त्यापलीकडे.

पलीकडे सहा आठवड्यांपूर्वी दुकान मांडलेली नुबिया उभी. वय तिशीचे, ओठांना लाली आणि पुढ्यात बर्फाची पेटी. पेटीत खेळाडूंच्या पेयाच्या निळ्या, नारिंगी बाटल्या.

सव्वीस वर्षे, घाट चढून आलेल्या प्रत्येक सायकलवाल्याच्या हातात पहिला पेला पडला तो बाईंचाच. उसाचा गूळ, लिंबू, चिमूटभर मीठ. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचे लग्न मोडले, बाईंना सगळे ठाऊक. पोस्टमन लिबार्दो वीस वर्षांपूर्वी सायकल ढकलत, रडकुंडीला येऊन वर पोचला, तेव्हा त्याच्या ओठांना पेला लावला तो त्यांनीच. आता सर्वांच्या आधी तोच वर येतो.

"निळं पाणी पितात म्हणे लोक!" बाई हंड्याला सांगत, पण पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. "आमच्याकडे कपडे धुतल्यावर उरतं तसलं."

"क्षार असतात त्यात, बाई, क्षार!" नुबियाही काही कमी नव्हती.

"मग माझ्या मिठात काय साखर असते?"

तरी दर रविवारी एक-दोघे रस्ता ओलांडतच. बाईंचा तिळपापड होई. त्या डोंगरात पाहुण्याला पातळ गूळपाणी देणे म्हणजे कंजूषपणाची हद्द. तेव्हा माणसे परत आणायची तर उपाय एकच: गूळ वाढवा. दर रविवारी ढेपेचा आणखी एक तुकडा हंड्यात पडू लागला. सहा आठवड्यांत गूळपाण्याची काकवी झाली, आणि पलीकडची गर्दी आणखी वाढली.

वळणावर लिबार्दो दिसला. बाईंनी पेला काठोकाठ भरून पुढे धरला. त्याने मान खाली घातली आणि सायकल पलीकडे वळवली.

बाईंनी पळी आपटली. सहा आठवड्यांत प्रथमच त्यांनी तो रस्ता ओलांडला.

"लिबार्दो! वीस वर्षं रे!"

त्याने हातातली बाटली वर केली. आत रंग नव्हता. "साधं पाणी आहे, बाई."

"पाण्यासाठी हिच्या दारात?"

"तुमचं पिऊन तीन रविवार उतारावर पोटात कळ आली. पळी उभी राहील इतकं दाट! घामानं सुकलेल्या माणसाला आधी पाणी लागतं हो."

"हे सांगायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही रडला असता."

"मी? मी कशाला रडेन?" म्हणता म्हणता डोळे भरलेच.

"माझ्यावर कशाला डोळे वटारता?" नुबिया म्हणाली. "निळ्या बाटलीला तो हात लावत नाही. दर वेळी पाणीच."

बाईंना मनातून गुदगुल्या झाल्या, पण चेहऱ्यावर त्यांनी ते दिसू दिले नाही. परत येऊन त्यांनी हंड्यात एक तांब्या पाणी ओतले. मग दुसरा. तिसऱ्याला हात थबकला. आई असती तर शरमेने दार लावून बसली असती. तरी ओतला. वर चार लिंबे पिळली, मीठ टाकले, आणि पेला मागोमाग आलेल्या लिबार्दोपुढे धरला.

"घे. पातळ आहे. गावात बोलू नकोस."

त्याने एका दमात पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. दुसराही तसाच संपवला.

"देव तुमचं भलं करो, एतेल्विनाबाई."

बाईंचा चेहरा उजळला. पण तेवढ्यात नजर पलीकडे गेलीच. त्या त्याच्या कानाशी वाकल्या.

"तिचं पाणी पिऊन पण हेच म्हणत होतास का रे?"