समोर गिळलेली गोळी

माझी वहिनी एकतीस वर्षं हिवतापाच्या गोळ्या घेऊन दारोदार फिरली. त्यातली बावीस वर्षं मी तिच्या मागे फवारणीचा पंप घेऊन होतो. पंप भरला की पंधरा किलोचा. हात मध्येच थांबला तर भिंतीवर ओघळ येतो. माझ्या भिंतींवर ओघळ नसायचे. तिच्या कामातही नसायचे.

तापाचं माणूस दिसलं की बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, तपासणीत हिवताप निघाला की तीन दिवस गोळ्या द्यायच्या. गोळी अशी कडू की लोक ती गालात धरायचे आणि वहिनी वळली की गटारात थुंकायचे. म्हणून ती हलायचीच नाही. "पाणी पी. आता जीभ दाखव. वर कर." वहीत तिनं स्वतःच एक रकाना आखला होता, ‘समोर गिळली’. त्यात ‘नाही’ असं कधी लिहावं लागलं नाही. माणूस घरी नसेल तर ती संध्याकाळी पुन्हा जायची. लोकांनी तिचं नाव जीभताई ठेवलं. रस्त्यात भेटली की मोठी माणसंसुद्धा ओळख म्हणून जीभ काढायची.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी तो विषाणूचा आजार आला. त्यावर औषध नव्हतं. कुठूनशी बातमी आली की हिवतापाची गोळी त्यावरही चालते. वरून हुकूम आला, आजारी नसलेल्यांनाही दर आठवड्याला द्या, म्हणजे आजार होणारच नाही. वाटायला वहिनी. तिच्याइतकी दारं उघडणारं दुसरं होतं कोण?

पहिली गोळी तिनं घरात मला दिली. मी जीभ दाखवली आणि तोंडाला रुमाल न बांधता बाजारात गेलो. गोळी घेतली होती ना!

गल्लीच्या टोकाला टेलरचं दुकान होतं. तो, त्याची बायको आणि एक मशीन. तो म्हणाला, "जीभताई, माझं छातीचं औषध चालू आहे. दोन्ही एकत्र चालेल?"

"विचारून सांगते."

ती ऑफिसात गेली. साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. "अहो, पन्नास वर्षं वाटतोय ही गोळी. लहान मुलांना देतो."

खोटं काहीच नव्हतं. पण हिवताप झालेल्याला तीन दिवस देणं वेगळं आणि छातीचं दुखणं असलेल्याला आठवड्यामागून आठवडे देणं वेगळं. हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. माझ्याही. आलं नाही. एखादी वस्तू तीस वर्षं हातात खेळली की तिची भीती मरते.

तिनं टेलरला तेच सांगितलं. तो दर आठवड्याला गोळी घेताना कुरकुरायचा. "दर वेळी काय जीभ बघतेस? एकदा माप घेऊन ठेव, म्हणजे पुन्हा दाखवायला नको."

"माप नको, तोंड उघड."

पाचव्या आठवड्यात तो कापड कापता कापता खाली बसला आणि उठला नाही. दवाखान्यात डॉक्टरनं त्याच्या बायकोला विचारलं, अजून काय घेत होते? तिनं गोळीचं पाकीट दाखवलं. डॉक्टर म्हणाला, "हिनं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ह्या माणसाचा ईसीजी काढल्याशिवाय ही दिलीच कोणी?" गोळीनंच गेला असं कोणी ठाम सांगितलं नाही. गोळीनं गेला नाही, असंही कोणी म्हणालं नाही.

वहिनी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी वही उघडून बसली. मागच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्यांनी गोळी साफ नाकारली होती. दोन्ही गल्ल्यांतले आजारी तिनं घरोघर जाऊन मोजले. गोळी घेणारी एकेचाळीस घरं, आजार बारा घरांत. न घेणारी अडतीस, आजार अकरांत.

"दोन गल्ल्यांवरून काही ठरत नाही," ती म्हणाली. "पण मला दिसायला हवा होता तो फरक दिसत नाही."

पुढे मोठमोठ्या दवाखान्यांत हजारो रोग्यांवर नीट चाचण्या झाल्या. तिथंही त्या आजारावर गोळीचा उपयोग दिसला नाही. ऑफिसात दोन ओळींचं पत्र आलं. वाटप थांबवावे, उरलेला साठा जमा करावा.

"लोकांना काय सांगू?" वहिनीनं विचारलं.

"काही सांगायचं नाही," साहेब म्हणाले. "उद्या हिवतापाचा रोगी निघाला तर गोळी घेईल का तो?"

मीही तेच म्हटलं. "वहिनी, गप्प राहा. तुमच्या शब्दावर लोक गिळतात."

"म्हणूनच सांगायचं, भाऊजी."

ती दारोदार गेली. त्या आजारावर गोळी चालली नाही, मी दिली ते चुकलं, असं प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. पुष्कळांनी ऐकून दार लावलं. रस्त्यात जिभा दिसेनाशा झाल्या.

वर्षभरानं टेलरच्या बायकोला थंडी भरून ताप आला. रक्त दुसऱ्या बाईनं घेतलं होतं. हिवताप निघाला. गोळ्या द्यायला वहिनीलाच जायचं होतं. मला म्हणाली, "तुम्ही चला. एकटीला दार उघडायची नाही ती."

मशीनशेजारी, दोन गोधड्यांखाली टेलरची बायको कुडकुडत होती.

"कोणती गोळी?"

"तीच."

"तीच?"

"हिवतापावर चालते. त्या आजारावर चालत नव्हती. तेव्हा मला माहीत नव्हतं आणि माहीत नसताना मी दिली. तुझी छाती डॉक्टरनं तपासलीय, कागद बघून आलेय."

"तेव्हाही अशीच ठणकावून बोलत होतीस."

"हो."

"ह्यांनी तुला विचारलं होतं."

"विचारलं होतं. मी साहेबाला विचारलं. डॉक्टरला विचारायला हवं होतं."

तिनं गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. म्हणाली, "खिडकीत ठेव. तुझ्यासमोर तोंड उघडणार नाही."

वहिनीनं गोळ्या खिडकीत ठेवल्या, कोणत्या दिवशी किती ते सांगितलं, उपाशीपोटी नको म्हणाली. पायरीवर येऊन वही उघडली आणि त्या रकान्यात लिहिलं, ‘नाही’.

चौथ्या दिवशी मी पँट आखूड करायच्या निमित्तानं गेलो. मशीन चालू होतं. घरी येऊन सांगितलं, "ताप उतरला."

"हिवताप मधेमधे उतरतोच. गोळ्या घेतल्या का?"

"विचारलं नाही."

"मग गेलात कशाला?" तिनं सुई आणि काच पिशवीत टाकली. "पुन्हा बोट टोचून बघावं लागेल."

"दार नाही उघडलं तर?"

"उभी राहीन," म्हणाली आणि चपला घातल्या.