नखाएवढा तुकडा

एप्रिल १९९६. गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास. बारामती, माझी दातांची लॅब.

हजर: मी. तात्या. तात्यांची सून हौसा.

गैरहजर: गुलाबी प्लॅस्टिकचा एक तुकडा, करंगळीच्या नखाएवढा.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल कदाचित. जे ओळखतात त्यांच्या नजरेत मी फार व्यवस्थित बाई आहे – आणि अडचण तिथूनच सुरू होते.

मला याद्या करायची सवय आहे. आधी कामांची यादी, मग काम. लॅबमध्ये मी कवळ्या करायची, काढता-घालता येणारे दात. इंदापूर, बारामती आणि आसपासचे चार-पाच दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाची मापं माझ्याकडे पाठवत, एसटीच्या कंडक्टरच्या हाती, बिस्किटाच्या पुड्यात नाहीतर चहाच्या डब्यात बांधून. मी साचा करून दात लावायची, गुलाबी मटेरिअल भरायची, उकळायची, घासून चकचकीत करायची. मटेरिअल नीट उकळलं नाही तर त्यातलं उग्र वासाचं लिक्विड आत राहतं आणि हिरड्यांची आग होते. म्हणून मी घड्याळ लावून उकळायची आणि वेळ वहीत लिहायची. शिकताना आमचे सर म्हणायचे, तोंडात जाणारी वस्तू दोन परीक्षांत पास झाली पाहिजे. ती तुटता कामा नये, आणि तिनं अंगाला त्रास देता कामा नये.

एक तिसरी गोष्टही त्यांनी सांगितली होती. तुटलेली कवळी हातात आली की तुकडे तळहातावर जुळवून बघा. एखादा कमी असेल तर पहिला प्रश्न – तो कुठं गेला? कारण हे मटेरिअल एक्स-रेमध्ये दिसत नाही. ठसका लागून माणसाच्या छातीत गेलं, खोकला धरला, तरी फोटोत काही येत नाही.

वर्गातल्या किती जणांनी ते लिहून घेतलं, माहीत नाही. मी घेतलं होतं. एवढंच नाही, माझ्या दुरुस्तीच्या वहीत मी त्यासाठी वेगळा रकाना आखला होता: ‘तुकडे – सगळे / कमी’. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये असा रकाना मी पाहिला नाही. मला त्याचा अभिमान होता.

तात्या नरसिंहपूरकडचे. साठी ओलांडलेली, अंगानं काटक. घरात पूर्वी मोठा कळप होता, पावसाळा संपला की मेंढरं घेऊन लांबवर चालत जायचे. पुढं पोरांनी शेती धरली, एक ट्रकवर गेला. तात्यांनी मात्र दहा-बारा मेंढरं ठेवली होती. हौसा त्याला ‘म्हाताऱ्याचा खेळ’ म्हणायची. त्यांचे वरचे पुढचे तीन दात पडले होते. इंदापूरच्या डॉक्टरांनी माप पाठवलं, मी तीन दातांची छोटी कवळी करून दिली. ती त्यांना चावण्यासाठी नको होती, दिसण्यासाठी तर नाहीच. दात गेल्यापासून त्यांची शीळ वाजेना. आणि शीळ वाजेना म्हणून मेंढरं ऐकेनात.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मार्चमध्ये. कवळी धुताना दगडावर पडून तिचे दोन तुकडे झाले होते. मार्केट यार्डात काही काम होतं म्हणून ते बारामतीला आले आणि तसेच थेट माझ्याकडे. त्या दिवशीच्या माझ्या यादीत अकरा कामं होती. तात्या नव्हते.

“बाई, साडेचारची गाडी हाय. ती चुकली तर मेंढरं उपाशी मरत्याल.”

मी दोन तुकडे जुळवले. सगळे होते. अशा सांध्यात बारीक तार घालावी लागते. कोल्ड क्युअर – न उकळता, कालवलं की दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होणारं मटेरिअल – नुसतं वापरलं तर सांधा मूळच्या निम्म्यानंही मजबूत होत नाही. हे मला माहीत होतं. तार वाकवून बसवायला अर्धा तास लागला असता. यादीत अकरा कामं होती. मी तार घातली नाही.

घासून कवळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बसवली, माझ्याकडे पाठ केली आणि शीळ घातली. एवढी मोठी, की रस्त्यावरचा सायकलवाला थांबून वळून बघायला लागला.

“पक्की हाय न्हवं?”

“पक्की आहे. फक्त ऊस खाऊ नका.”

“ऊस खायाला कारखाना हाय की बाई. मी कशाला खातोय?”

‘पक्की आहे’ म्हणाले मी. हा झाला पहिला गुन्हा. पण तो घाईचा होता. त्याच्यासाठी मी हे लिहायला बसले नसते.

आता एप्रिलमधला तो गुरुवार.

तात्या आणि हौसा आले. तंबाखूच्या डबीत कवळीचे तुकडे. भाकरी खाताना सांधा पुन्हा गेला होता, आणि त्याच्या बाजूनं आणखी एक चीर पडली होती. तात्या रंगवून सांगू लागले. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, श्वास कोंडला, आणि सुनेनं पाठीत गुद्दे घातले.

“गुद्दे न्हाय ओ ताई, थापट्या मारल्या. ह्यास्नी सगळं वाढवून सांगायची खोड हाय.”

“सासऱ्याला गुद्दे घालायचा मोका सोडती व्हय ही?”

दोघं हसले. हसता हसता तात्यांना खोकला आला. दोन दिवसांपासून येतोय म्हणाले, घसा खरवडला असेल.

मी तुकडे तळहातावर जुळवले. सांध्याजवळ एक जागा रिकामी राहिली. नखाएवढी, एका बाजूला टोकदार.

“एक तुकडा कुठं आहे?”

“भाकरीत गेला असंल,” हौसा म्हणाली. “न्हायतर कोंबडीनं टिपला.”

“मग आता कोंबडीला बी दात आलं म्हणायचं,” तात्या म्हणाले, आणि पुन्हा खोकले.

तेव्हा मला कळलं होतं का? इतकी वर्षं मी स्वतःला हाच प्रश्न विचारते आहे, आणि दर वेळी उत्तर एकच येतं. हो. खात्री नव्हती, पण कळलं होतं. ठसका, खोकला, नसलेला तुकडा – सरांनी फळ्यावर लिहिलेली तिन्ही लक्षणं माझ्यासमोर खुर्चीवर बसून विनोद करत होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं, तात्या, आज घरी जाऊ नका, मोठ्या दवाखान्यात जा, छातीत दुर्बीण घालून बघायला सांगा. मग कुणीतरी विचारलं असतं, सांधा कुणी केला? तार का नव्हती? या धंद्यात मी एकटी बाई होते, आणि माझं सगळं काम माझ्या नावावर चालायचं. हे कारण म्हणून सांगत नाही. डोक्यात काय होतं, ते सांगते आहे.

मी मनाशी म्हणाले, डबीतून वाटेत पडला असेल. एसटीत किती हिसके बसतात.

आणि वहीत लिहिलं – सगळे.

माझ्या स्वच्छ अक्षरात. नंतर आठवडाभरात त्यांना नवी कवळी करून पाठवली, आत जाळी घालून, घड्याळ लावून उकळून. ती कवळी कधीच तुटली नाही. माझ्या हातून झालेल्या उत्तम कामांपैकी ते एक आहे.

पण याच्याही पुढचं आहे. दिवाळीच्या आधी इंदापूरच्या डॉक्टरांचा फोन आला. तात्यांचा खोकला जात नव्हता. ताप यायचा, वजन उतरलं होतं. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, दुसऱ्यात फुफ्फुसाच्या एका भागावर सावली दिसली. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, तरी सावली आहे म्हणून गोळ्या सुरू केल्या होत्या. हा दातांचा डॉक्टर, छातीशी त्याचा काय संबंध? पण माणूस विचार करणारा होता. त्याला शंका आली होती.

“ताई, तात्यांची कवळी तुटून आली होती ना तुमच्याकडे? तुकडे सगळे होते?”

मी वही काढली. पान उघडलं. खरं तर उघडायची गरज नव्हती. वाचून सांगितलं – सगळे.

“तुमच्या वहीत आहे म्हणजे प्रश्नच मिटला. मी त्यांना पुण्याला पाठवायचं म्हणत होतो, दुर्बिणीसाठी. नको मग. म्हातारा माणूस, कशाला उगाच हाल.”

मी ‘हो’ म्हणाले.

घाबरून लिहिलेला शब्द एक, आणि सहा महिन्यांनी शांतपणे वाचून दाखवलेला तोच शब्द – दोन्ही सारखेच म्हणता येतील का? पहिल्या वेळी मी घाबरले होते. दुसऱ्या वेळी घाबरलेसुद्धा नव्हते.

जानेवारीत मी त्यांच्या घरी गेले. नवी कवळी नीट बसते का ते बघते, असं सांगून. खरं म्हणजे सांगायलाच गेले होते. एसटीत बसून वाक्यं ठरवली होती, वहीच्या मागच्या पानावर उतरवली होती. एकूण चार.

तात्यांची खाट घरापासून दूर, मेंढरांच्या वाड्याशेजारी होती. भिंतीवरच्या खिळ्याला एक पिशवी अडकवलेली, तिच्यात त्यांचं ताट आणि पेला. वेगळे. चार-पाच वर्षांची नात उंबऱ्यावर उभी होती. आजोबांकडे धावू नये म्हणून हौसानं तिचा फ्रॉक मागून मुठीत धरला होता.

मला बघून तात्यांनी उशाखालून कवळी काढली, धोतराला पुसली, बसवली.

“झकास हायत बाई दात. एक डाव बी दुखलं न्हाय. थांबा, तुमास्नी दावतो.”

त्यांनी मेंढरांकडे तोंड केलं, ओठ आवळले. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. मग खोकल्याची उबळ आली, ते खाटेची कड धरून वाकले. मेंढरांनी मान वर केली नाही.

“दाताचा दोस न्हाय,” ते मला म्हणाले. माझी समजूत काढत होते. “छातीचा भाताच फुटलाय.”

माझी चार वाक्यं वहीत होती. मी कवळीच्या कडा तपासल्या, हिरड्या बघितल्या. हौसानं चहा केला, मी प्याले. दुपारच्या गाडीनं परत आले.

त्या उन्हाळ्यात तात्या गेले.

तो तुकडा त्यांच्या छातीत होताच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. खरंच टीबी असेल. कोंबडीनंही टिपला असेल. दुर्बीण घातली असती तर कळलं असतं. ती घातली गेली नाही, कारण माझ्या वहीत एक शब्द होता. एवढं मात्र शपथेवर सांगू शकते.

पावसाळ्याच्या तोंडावर हौसा लॅबमध्ये आली. फडक्यात कवळी बांधून आणली होती. कुणा गरिबाला बसली तर द्या, म्हणाली. एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ठेवून घेतली. ती जायला उठली, आणि दारात थांबली.

“ताई, मी त्यांचं ताट येगळं केलं. पोरीला जवळ जाऊ दिलं न्हाय. डॉक्टरांनीच सांगितलं व्हतं. पण शेवटी शेवटी मी ताट ठेवायला गेले की ते म्हणायचे, लांबनंच ठेव बाय, मी घेतो वढून.” तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, “मी केलं ते बरोबरच केलं ना?”

तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

मी म्हणाले, “बरोबरच केलंस.”

ती गेली. वळणापर्यंत दिसत होती, पिशवी हातात, भराभर चालणारी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

कवळी माझ्याकडे आहे. तिचा प्लॅस्टरचा साचाही आहे, तात्यांचं नाव पेन्सिलीनं लिहिलेला. ती वहीदेखील आहे. ‘सगळे’ हा शब्द खोडून ‘एक कमी’ लिहायला दोन सेकंद लागतील. तेही केलेलं नाही. ते आधी वहीत करायचं की आधी हौसाला सांगायचं, यावर मी कितीदा विचार केला आहे, आणि तो विचार म्हणजे नुसता वेळ काढणं आहे हेही मला कळतं.

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या तारखेला मी जुन्या डायरीतली राहिलेली कामं नव्या डायरीत उतरवते. फारशी नसतात. गॅसची नळी बदलणे, बहिणीची पातेली परत देणे, अशी. ती महिन्याभरात संपतात, मी पुढे बरोबरची खूण करते. एक ओळ मात्र अठ्ठ्याण्णव सालापासून उतरवते आहे. ‘नरसिंहपूर. हौसाला सांगणे.’ शेजारी सकाळच्या इंदापूर गाडीची वेळ.

यंदाही उतरवली आहे. गाडीची वेळ बदलली होती, म्हणून स्टँडवर जाऊन विचारून आले. नवी वेळ लिहिली. पुढची जागा रिकामी आहे.